वरपक्षाची खोली

तालुक्याच्या गावी एकट्या बाईने खोली मागितली की लॉजवाला आधी तिच्या पाठीमागे बघतो. तिथे कोणी नसतं. मग विचारतो, "सोबत कोण हाय?"

देवणीत मी म्हटलं, "बॅग आहे."

त्याला हसू आलं नाही. "पुरुष मानूस असल्याबिगर देत न्हाई, मॅडम."

"कुठलाही चालेल? स्टँडवर बरेच बसलेत."

"त्येचं आधार कार्ड पायजे."

सकाळी बचत गटाच्या बायकांचा शिवणवर्ग सुरू करायचा होता. लातूरला परतले असते तर सकाळच्या एसटीच्या भरवशावर पहिलाच वर्ग बुडाला असता, आणि माझ्या जागेवर टपलेली दुसरी बाई होतीच. झोपायला जागा हवी आणि दाराला आतून कडी. बाकीचे लाड मी केव्हाच सोडलेत.

स्टँडवरच्या चहावाल्याने मंगल कार्यालय दाखवलं. लग्नतिथी नसली की तिथल्या खोल्या भाड्याने देतात. मालकाने पुरुष मागितला नाही. वधूपक्षाची खोली उघडून दिली. आत भिंतभर आरसा, गाद्यांचा ढीग, आणि दाराला कडी नाही.

"नवरीच्या खोलीला कडी कशाला, ताई? सारखं कुनी ना कुनी येतंय-जातंय."

खरंच. माझ्या मुलीच्या लग्नात मी अशाच खोलीत दाराला पाठ लावून साडी बदलली होती.

समोरच्या खोलीला दोन कड्या, कूलर, गीझर आणि बाहेरून कुलूप.

"ती द्या."

"ती वरपक्षाची हाय."

"आज लग्न आहे?"

"न्हाई."

"मग वरपक्ष कुठाय?"

"नसंना का. खोली त्येंचीच."

मी हॉलमधल्या खुर्चीवर बसले, पर्स मांडीवर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. शेवटची एसटी गेली असेल का, एवढाच विचार करत होते. पण मालकाचा चेहरा पडला. त्याच्या धंद्यात अशी बसलेली बाई म्हणजे वरमाय, आणि वरमाय रुसली की पंगती खोळंबतात.

"अगं, चहा टाक! ताई रुसल्या!"

त्याची बायको चहा-बिस्किटं घेऊन धावत आली. "घ्या ना ताई. त्येंच्या बोलन्याचा राग नका धरू."

आयतं हाती आलेलं मी सोडत नाही. कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती नवऱ्यावर उखडली, "तोंड काय बघून राहिलाव? किल्ली आना की!"

कुलूप उघडलं, तेव्हा मी चहा प्यायले. आत जाऊन दोन्ही कड्या लावल्या. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"ताई, राग गेला का?"

मी गीझरचं बटण दाबून बघत होते. दिवा लागेना.

"अजून नाही," मी आतूनच म्हटलं.

गरम पाण्याची बादली दाराशी आली, मग राग गेला. सकाळी शिवणवर्गाला मी सगळ्यांच्या आधी हजर होते.