सासूबाईंचं अंथरूण कोण घालणार

टांग्यात आमची वळकटी चढली, ट्रंक चढली, पाटा चढला आणि वरवंटा मात्र आतच राहिला. तो आणायला मी परत घरात शिरले, तर मोठ्या जाऊबाई सासूबाईंच्या पलंगावरची चादर झटकत होत्या. मी घर सोडून निघाले होते, परत कधी येईन याचा पत्ता नव्हता, आणि या बाई चादरीची सुरकुती काढत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "नीट जा गं. आईंची काळजी करू नको, मी आहे." ते 'मी आहे' स्टेशन येईपर्यंत माझ्या कानातून गेलं नाही. सासूबाई फाटकापर्यंत आल्या. माझ्या हातावर दही घालून म्हणाल्या, "नव्या जागेत पहिले अंथरूण कोरडं राहील असं पाह्य. बाकी सगळं होते मागाहून."

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि नागपूरची राजधानी गेली, हे तुम्हाला मी काय सांगायचं. हे आणि माझे थोरले दीर एकाच कचेरीत कारकून होते. कचेरीची वाटणी झाली तेव्हा थोरले मुंबई राज्यात गेले, म्हणजे खुर्चीवरून हललेसुद्धा नाहीत. हे मध्य प्रदेशात गेले, म्हणजे भोपाळला. इतरांच्या घरी शेताची वाटणी होते, आमच्याकडे माणसांची झाली, आणि तीही ज्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं त्यांनी केली. थोरल्यांच्या वाट्याला धंतोलीतलं ते भाड्याचं पण सवयीचं घर आलं, ओळखीचा दूधवाला आला, शिसवी पलंग आला आणि पलंगासकट सासूबाई आल्या. आमच्या वाट्याला तलाव आले. तलाव सुंदर होते, यात वाद नाही. पण तलावाला कुणी सासरचं माणूस म्हणत नाही.

ज्या घरी सासूबाई, त्या घरी गौरी बसणार. त्या घरी नणंदा माहेरपणाला येणार, लग्नाच्या अक्षता त्या घरी आधी जाणार. मी मेहनतीनं मांडलेला संसार भोपाळच्या नव्या क्वार्टरात होता, भिंतींना अजून चुन्याचा वास होता, आणि ते कुणाच्या लेखी घर नव्हतंच. सगळे त्याला 'धाकट्याची नोकरीची जागा' म्हणायचे. नणंदबाई तर एकदा म्हणाल्या, "तुम्ही काय बाई, मुक्कामाला गेल्यासारख्या." मला मुक्काम नको होता. मला सासूबाई हव्या होत्या. प्रेम होतंच, ते मी नाकारत नाही. पण जाऊबाईंकडे आहे आणि माझ्याकडे नाही, हे त्या प्रेमापेक्षा जास्त टोचायचं.

दुसऱ्या वर्षी हे कामानिमित्त नागपूरला जायचे होते आणि येताना आईला घेऊन येतो म्हणाले. जाऊबाईंचा निरोप आला की थंडीपुरतं पाठवते. पाठवते, म्हणजे जशी काही शेजारणीला परातच दिली, वापरून झाली की धुऊन परत करा. मी त्याच दिवशी ठरवलं, सासूबाई आल्या की परत जाणार नाहीत. त्यांना इथं असं ठेवायचं की नागपूरची आठवणच होऊ नये. आणि त्याची सुरुवात पलंगापासून.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण आताच्या मुलींना ती खरी वाटणार नाही. आमच्या घरात सासूबाईंचं अंथरूण घालायचं ते मोठ्या सुनेनंच. रोज रात्री घालायचं, सकाळी उचलायचं, उन्हाळ्यात गादीला ऊन दाखवायचं, सगळं तिनंच. धाकटीनं पाणी भरून ठेवावं, पाय चेपावेत, पण अंथरुणाला हात लावू नये. तो मान होता आणि जाऊबाई तो मिरवायच्या. त्यामुळे इतकी वर्षं त्या घरात राहून मी तो पलंग फक्त वरून पाहिला होता. उशाकडचं मोराचं कोरीवकाम पाहिलं होतं, फुगलेली दुलई पाहिली होती, पांढरीशुभ्र चादर पाहिली होती. चादरीखाली काय आहे ते मला कधी दिसलंच नाही. मी आपली समजत होते की मऊ मऊ ढिगावर झोपतात आमच्या सासूबाई.

बाजारात माझ्याबरोबर रझिया आपा आल्या. आमच्या क्वार्टराची आणि त्यांची मागची भिंत एक. त्यांचे मिस्टर जुन्या भोपाळ राज्याच्या कचेरीतले, आता यांच्याच खात्यात. आपांना अख्खा चौक बाजार ओळखायचा, कुठल्याही दुकानात शिरल्या की आधी चहा यायचा, आणि त्याचाही मला हेवा वाटायचा. त्यांनी मला सरळ तख्ताच्या दुकानात नेलं. तख्त म्हणजे जाड फळ्यांची, बुटक्या पायांची बैठक. त्यांच्या घरी असायची तशीच. म्हणाल्या, "बहन, बुज़ुर्ग के लिए यही लो. इस पर पतला गद्दा डाल दो, बस." मला ते बघूनच कसंतरी झालं. जाऊबाईंच्या शिसवी पलंगासमोर मी फळकुट मांडू? वर आणखी मनात आलं, हिच्या घरी आहे तेच मी घ्यावं म्हणजे हिचा वरचष्मा. लोखंडी खाट दवाखान्यातली वाटली. सुतळीची बाज तर आम्ही गड्यांना द्यायचो. शेवटी रंगीत पायांचा नवारीचा पलंग घेतला. रुंद पांढऱ्या पट्ट्या घट्ट विणलेल्या, हात दाबला की खाली जाऊन वर यायच्या. मला वाटलं, याला म्हणतात पलंग.

मग गादी. गादीवाल्यापुढे कापसाचे ढीग होते. त्यानं विचारलं, रुई चाहिए कि सेमल. सेमल म्हणजे आपली सावर. सावरीचा कापूस मी उशीत पाहिला होता, हातात घेतला की नसल्यासारखा लागतो. जाऊबाईंच्या गादीत साधा कापूस, एवढं मी ऐकून होते. तेव्हा सावरच हवी. गादीवाला खूश होऊन म्हणाला, "बहनजी, ऐसा गद्दा तो बेगमों के यहाँ जाता था." झालं. मी म्हटलं, जाड भर. आपा काहीतरी बोलायला गेल्या आणि माझं तोंड पाहून गप्प बसल्या.

सासूबाई आल्या. मी पलंगावर नवी चादर घातली, माझ्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्या बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्या बसल्या त्या जरा आतच गेल्या. म्हणाल्या, "छान आहे." हे म्हणाले, "आईला आवडलं." मला त्या रात्री जाऊबाईंना तारच करावीशी वाटली.

पुढच्या दिवसांत सासूबाई खूश होत्या, जेवत होत्या, तलावावर फिरून आल्या. फक्त दुपारी घरात सापडायच्या नाहीत. माझं स्वयंपाकघर आवरून होईतो त्या आपला पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारानं आपांकडे गेलेल्या असायच्या. तांब्या अशासाठी, की सोवळं. आपांच्या घरचं पाणी चालायचं नाही, पण आपांचं घर चालायचं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तर बोलत काय असतील? मी भिंतीला कान लावायची, तर काहीच ऐकू यायचं नाही. मग मला जास्तच वाटायला लागलं. नागपूरला जाऊबाई होत्या ते होत्या, आता भोपाळलाही माझ्या वाट्याला आलेली सासू दुसऱ्याच बाईनं नेली. एक दिवस राहवेना. पीठ मागायचं निमित्त काढून गेले.

सासूबाई आपांच्या तख्तावर गाढ झोपल्या होत्या. पांढरी चादर, तिच्याखाली दोन बोटं जाडीची गादी, तांब्या उशाशी. आपा खाली बसून शिवत होत्या. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्याच सासूसाठी मला गप्प करत होत्या. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी पीठ न घेताच परत आले.

संध्याकाळी मी विचारलंच, माझ्या घरात काय कमी पडलं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "रागावू नको. त्या पलंगावर मी झोळीतल्या लेकरासारखी होते. कुशीवर वळायला जावं तर गादी वळू देत नाही. पाठ धरून राहिली आहे आल्या दिवसापासून." मी म्हटलं, "मग नागपुरातला पलंग?" त्या हसल्या. "अगं, त्याच्यावर फळ्या आहेत. फळ्यांवर कापसाची गादी, दरसाल पिंजून दाबून भरलेली. पाटासारखी कडक. तुला माहीत नाही?" मला कसं माहीत असणार? जाऊबाईंनी कधी हात लावू दिला होता का? निघताना त्या चादर झटकत होत्या, तेव्हा एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? सासूबाई म्हणाल्या, "ती तरी काय सांगणार. तू विचारलं नाही." हे मात्र मला आजही पटलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आपांच्या दारात गेले आणि म्हटलं, तख्त घ्यायचंय, चला. त्यांनी 'मैंने कहा था' म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. तख्त आलं, साध्या कापसाची गादी मी समोर बसून भरून घेतली, टाके जवळजवळ घालून, हातानं ठोकून पाहिली. सावरीच्या कापसाच्या उशा केल्या, त्यातली एक आपांना दिली. नवारीच्या पलंगावर हे झोपायला लागले आणि कुरकुरायला लागले. सासूबाई दुपारी घरात झोपायला लागल्या. थंडी संपली, उन्हाळा आला, आणि त्यांनी जायचा विषय काढला नाही.

तेव्हा जाऊबाई स्वतः न्यायला आल्या. हसतमुखानं आल्या, संत्र्याची बर्फी घेऊन. पण घरभर नजर फिरवत होत्या, आणि मी ती नजर ओळखत होते, कारण ती माझीच होती. रात्री जेवणं झाली. जाऊबाई उठल्या, पदर खोचला आणि सवयीनं सासूबाईंच्या तख्ताकडे गेल्या. गादी उचलून फळ्यांवर हात फिरवला, गादी ठोकून पाहिली. मग चादर घालायला घेतली. मी दारात उभी होते, हात रिकामे. माझ्याच घरात मी पुन्हा धाकटी झाले होते.

सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोठे, तू बस. तू पाहुणी आहे इथं. हिच्या घरात अंथरूण ही घालेल."

जाऊबाईंनी चादर माझ्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा वाटलं नाही. मी चादर घातली, चारी कोपरे ओढून घातली, आणि इतका वेळ लावून घातली की हे बाहेरून विचारायला लागले, झालं का म्हणून. दोन दिवसांनी सासूबाई जाऊबाईंबरोबर नागपूरला गेल्या. थोरल्यांची तब्येत बरी नव्हती आणि आईला आपलं पहिलं लेकरू दिसत होतं. त्यानंतर त्या हयात असेपर्यंत दर थंडीत आल्या.

तुम्ही जे तिकडे नागपुरात राहिलात आणि जे आमच्यासारखे निघून आलात, त्या तुम्हाला हे सगळं एका पलंगावरून एवढं रामायण वाटेल. वाटू दे. मी काय जिंकले होते ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. सासूबाई गेल्या, दीर गेले, हे निवृत्त झाले, मुलगा भोपाळलाच गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात लागला आणि आम्ही आनंद नगरात राहायला आलो. गेल्या वर्षी मी नागपूरला गेले होते. जाऊबाई आता त्या शिसवी पलंगावर असतात, गुडघ्यांनी जागेवर बसवलंय. रात्री मी उठले, म्हटलं आज यांचं अंथरूण मी घालते, इतक्या वर्षांची हौस. त्यांची सून धावत आली आणि माझ्या हातातून चादर काढून घेतली. "काकू, तुम्ही बसा ना. तुम्ही काय रोज रोज येता?" प्रेमानंच म्हणाली पोरगी. मी बसले. ज्या घरात मी सून म्हणून आले, त्या घरात मला कुणी कामाला हात लावू देत नव्हतं, आणि त्या सुनेचा मला असा हेवा वाटला की बोलायची सोय नाही.

जाऊबाई पाहत होत्या. त्यांनी मला पलंगावर शेजारी जागा करून दिली. म्हणाल्या, "भोपाळला घरी कधी निघणार?"

"परवा," मी म्हटलं.