पांढरं डिझेल

आंजीच्या किशोरला भित्रा म्हणाल तर गाव तुमच्यावर हसेल. भरल्या विहिरीत मोटर काढायला उतरणारा तो गडी. कपाशीच्या पऱ्हाटीत साप निघाला की बाया त्यालाच हाक मारायच्या. पण या गड्याला एका गोष्टीची भीती होती आणि ती त्यानं बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. चढावर गाडीचं इंजिन बंद पडलं तर काय, हाच विचार त्याला जेवताना यायचा, पूजा करताना यायचा, गाडीत भाजीचे कट्टे रचताना तर हमखास यायचा.

भीतीला कारण होतं. त्याचा मोठा भाऊ गोपाल काही वर्षांपूर्वी वांगी घेऊन तळेगावचा घाट चढत होता, एकटाच. इंजिन बंद पडलं. आता हा जुना छोटा ट्रक, इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि दोन-तीनदा दाबला की धरतच नाही. गोपालनं हँडब्रेक ओढला आणि चाकामागे लाकडी ठोकळा लावायला खाली उतरला. हँडब्रेकनं दगा दिला. भरली गाडी मागे आली आणि गोपाल चाकाखाली गेला. खबर मिळाली तेव्हा किशोर मिरचीला पाणी देत होता. घाटात पोचल्यावर त्यानं जे पाहिलं ते त्यानं आजवर तोंडातून काढलं नाही, आपणही नको विचारायला.

त्या दिवसापासून किशोरचे दोन नेम झाले. पहिला, गाडीत एकटं जायचं नाही. म्हणून त्याची बायको शालू दर बाजाराला त्याच्या शेजारी बसून येई. एकानं ब्रेकवर पाय ठेवायचा, दुसऱ्यानं ठोकळा लावायचा. दुसरा नेम बाटलीचा. डिझेलमध्ये टाकायची ती बाटली हो, दुकानात मिळते, वर इंजिनाचं चित्र असतं, ताकद वाढेल, इंजिन साफ राहील असं काय काय लिहिलेलं असतं. किशोर ती प्रत्येक टाकीत ओतायचा. आधी गाडीला लिंबू-मिरची, मग टाकीत बाटली, मगच चावी.

त्याच्या गाडीचं काम करणारे नालवाडीचे बबनराव मिस्त्री त्याला नेहमी रागवायचे. "किशोर, बाटलीचं रोज काय काम आहे बे? चांगल्या पंपावरचं डिझेल भर, फिल्टर वेळेवर बदल, अन् फिल्टरखालच्या वाटीतलं पानी सोडत जा. एवढ्यात गाडी मस्त चालते. औषध बिमार मानसाले लागते, धडधाकट मानसाले नाई."

"टाकलं त बिघडते काय?" किशोर म्हणायचा.

"काय टाकून राह्यला हे समजत नसन, त बिघडतेच."

किशोर मान हलवायचा आणि जाताना दुकानातून दोन बाटल्या घ्यायचा. भीती वाटणाऱ्या माणसाला काही न करता बसणं जमत नाही, त्याला हाताला काहीतरी लागतं.

गोपालची गाडी दुरुस्त होऊन आता त्याचा पोरगा स्वप्निल चालवत होता. बापासारखाच उंच आणि बापासारखाच हट्टी. सोबत माणूस घे म्हटलं तर हसायचा. "काका, मजुरी कोन देईन? मी काय लहान आहो?" किशोरनं त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की गाडी चालवताना फोन उचलायचा नाही. पोरगा तेवढं मात्र इमानेइतबारे पाळायचा.

पावसाळा सरला आणि कारंज्याच्या बाजाराचा मोठा हंगाम आला. घराच्या टिनाच्या छपरीत पिकाला पाणी देणाऱ्या ओलिताच्या इंजिनासाठी डिझेलचा ड्रम भरलेला असायचा, दोन्ही गाड्या अडीअडचणीला त्यातूनच भरायच्या. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी किशोरनं ड्रममधून काचेच्या बरणीत डिझेल काढलं आणि उजेडात धरलं. बरणीच्या तळाशी पाणी बसलं होतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं असावं.

खरं तर त्यानं ड्रम तसाच ठेवून गाड्या आर्वीच्या पंपावर भरायला हव्या होत्या. पण तो होता जातीचा भाजीवाला, जन्म फवारणीत गेलेला. फवारणीचं औषध पाण्यात टाकलं आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं की औषध अस्सल, तेल वर तरंगत राहिलं की नकली, ही परीक्षा त्याला बापानं शिकवली होती. त्यानं बरणीत बाटलीतलं थोडं ओतलं आणि बरणी हलवली. डिझेल पांढुरकं झालं. तळाशी पाण्याचा थेंब उरला नाही. किशोरचा जीव भांड्यात पडला. औषध अस्सल निघालं, पाणी मारून टाकलं, असं त्याला वाटलं.

मग त्यानं बाटल्या ड्रममध्ये रिकाम्या केल्या, काठीनं ढवळलं आणि आपली टाकी भरली. स्वप्निल घरात जेवत होता. त्याला बाटलीचा राग यायचा, म्हणून किशोरनं त्याला न सांगताच त्याचीही टाकी भरून ठेवली. भावाचं लेकरू होतं ते. त्याला बाटलीविना घाटात पाठवायचा किशोरला धीर झाला नाही.

सकाळी किशोर आणि शालू पुढे निघाले, स्वप्निल पालकाच्या जुड्या भरून मागून येणार होता. आर्वी गेली, तळेगाव गेलं. घाट लागला तसा किशोर बोलायचा थांबला, तो नेहमीच थांबायचा. शालूनं पायाजवळचा ठोकळा मांडीवर घेतला.

अर्धा चढ झाला आणि इंजिन खोकलं. एकदा, मग पुन्हा. किशोरनं गिअर खाली टाकला. गाडी दोन हात पुढे गेली आणि इंजिन बंद पडलं. पंख्याचा आवाज थांबला. किशोरला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"उतर, शालू." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "बाजूनं लावजो. चाकामागं उभी राहू नको."

त्यानं ब्रेकवर सगळा भार दिला. आरशात शालूचा पदर दिसला, मग दिसेनासा झाला. गाडी जराशी मागे सरकली. तेवढ्यात मागून ठक् असा आवाज आला आणि गाडी थांबली. आरशात शालूचा पदर पुन्हा दिसला. किशोर स्टेअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. शालूनं त्याला रडू दिलं.

मग शालूनं दुसऱ्या चाकामागेही दगड लावला, तेव्हा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून किशोर उतरला आणि फिल्टरपाशी वाकला. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी तळाशी बसायला हवं होतं, ते सोडलं की काम भागलं असतं. पण वाटीत वेगळं पाणी नव्हतंच. वाटी वरपासून खालपर्यंत पांढरी होती, फवारणीच्या टाकीसारखी. किशोर बघत राहिला. बाटलीनं पाणी मारलं नव्हतं, डिझेलमध्ये लपवलं होतं. वाटीत अडकायचं ते पाणी डिझेलच्या आडून थेट इंजिनात गेलं होतं.

"आवो, काय झालं?" शालूनं विचारलं.

"स्वप्निल," किशोर म्हणाला. "त्याच्या टाकीत बी मीच हेच भरलं."

त्यानं फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पोरगा उचलणार नव्हता, काकाला शब्द दिला होता ना. किशोरनं फोन शालूच्या हातात कोंबला आणि उतारानं पळत सुटला. पायातली चप्पल कुठे गेली त्याला कळलं नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. स्वप्निल एकटा आहे, गाडी थांबेल, तो हँडब्रेक ओढेल आणि ठोकळा घेऊन खाली उतरेल. त्याच्या बापानं तेच केलं होतं.

दुसऱ्या वळणावर गाडी दिसली. चढावर उभी, आवाज नाही. दार उघडं होतं आणि स्वप्निलचा एक पाय पायरीवर होता, हातात ठोकळा.

"उतरू नको!" किशोर ओरडला. "ब्रेकवर बस! वर बस, बापू!"

पोरगा दचकून आत गेला. गाडी तेवढ्यात हातभर मागे आली. रस्त्याच्या कडेचा दगड त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला. भाऊ गेल्यापासून चढावरच्या कुठल्याही गाडीच्या मागे तो उभा राहिला नव्हता. चाक त्याच्याकडे येताना दिसलं. पळून जावंसं वाटलं, अगदी खरंच वाटलं. त्यानं कडेनं गुडघे टेकले, दगड चाकाखाली लोटला आणि डोळे मिटले.

दगड करकरला. गाडी थांबली.

स्वप्निल गिअर टाकून, हँडब्रेक ओढून खाली आला. त्यानं आपला ठोकळा दुसऱ्या चाकाला लावला आणि काकाजवळ वाकला. "काका, तुमाले कसं समजलं?"

"डिझेल मीच भरलं. पानी होतं त्यात. बाटली टाकली, पांढरं झालं, मले वाटलं चांगलं झालं." किशोर म्हणाला. "तुह्या बापाले मी वाचवू नाई शकलो, अन् तुले मीच मारत होतो."

स्वप्निलनं वर रस्त्याकडे पाहिलं. मग त्यानं हळूच विचारलं, "बाबा इथंच गेलते काय?"

"वरच्या वळनावर. आता माही गाडी बंद पडली तिथं."

"उठा काका. गाडी आता जात नाई. बबनरावले फोन लावतो मी."

त्यानं हात पुढे केला. किशोरला तो धरता आला नाही, कारण त्याचे दोन्ही हात दगडावर होते आणि ते सुटत नव्हते. शालू धापा टाकत खाली आली, तिनं नवऱ्याला हाक मारली, पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. ठोकळा, दगड, गिअर, हँडब्रेक, सगळं जागच्या जागी होतं आणि हे त्यालाही दिसत होतं. तरी बबनराव येईपर्यंत किशोर त्या चाकापाशी तसाच दगड दाबून बसला होता.