दोनशे चाळीस जीबी

माझ्या भावाला कामावर सगळे ‘खात्रीसाहेब’ म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी नि वैताग जास्त असायचा. चौतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत शिरला की पाना हातात घेण्याआधी तो मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकायचा. खाली माणसं खोळंबलेली असोत, इमारतीचा मॅनेजर डोकं खात असो, कुलपाशिवाय काम सुरू नाही. आणि ज्याने लावलं त्यानेच ते काढायचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुणीतरी खालून स्विच चालू केला आणि त्याच्या जोडीदाराची तीन बोटं गेली. दादा तेव्हा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला.

मी त्याची धाकटी बहीण. माझा फोटो स्टुडिओ आहे. ओळखपत्रांचे, शाळांच्या वर्गांचे, झालंच तर म्हाताऱ्यांच्या पेन्शनच्या कागदांचे फोटो काढते. राग माझ्या नाकावर असतो आणि जिभेला हाड नाही, असं दादा म्हणतो. खोटं नाही ते. या गोष्टीत तर अजिबातच नाही.

दादाच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर बुटांच्या खोक्याएवढी एक काळी पेटी आहे. आत दोन डिस्क, दोन्हींवर तेच ते, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. घरातले सगळे फोटो, कागद, वहिनीचं काम आणि माझ्या स्टुडिओचा बॅकअप, सगळं नेटवर्कवरून त्या पेटीत जातं. मी सुरुवातीला खूप हसले होते. म्हटलं, दादा, तुझ्या पेटीला दोन हृदयं आहेत, तुला एक तरी आहे का? त्याने नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि माझा कॉम्प्युटर जोडून दिला. पुढच्याच वर्षी माझ्या कॉम्प्युटरने मान टाकली, आणि सहा शाळांचे वर्ग मला त्या पेटीतून जसेच्या तसे परत मिळाले. तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

त्या पेटीची एक खोड आहे, ती आधी सांगायला हवी. ठरावीक दिवशी ती स्नॅपशॉट घेते, म्हणजे त्या घटकेला आत काय काय होतं ते धरून ठेवते. नंतर तुम्ही एखादी फाइल पुसलीत तर ती तुमच्या डोळ्यांसमोरून जाते, पण जुन्या स्नॅपशॉटने तिला धरलेलं असतं. त्यामुळे ती पुसूनही जागा मोकळी होत नाही. तो स्नॅपशॉट काढून टाकला तरच जागा परत मिळते, आणि मग मात्र ती फाइल कायमची जाते. जुने स्नॅपशॉट सहा महिने झाले की आपोआप गळून पडतात. एखाद्यावर कुलपाची खूण केली, तर तो पडत नाही.

आता वहिनी. वहिनी एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होती, पण तिचं खरं काम सुट्टीच्या दिवशीचं. अंध मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. अकरा वर्षं. आतल्या खोलीच्या दाराला जाड गोधडी टांगायची, खिडकीला दुसरी, आणि मधोमध ही बाई घामाघूम होऊन खनिज संपत्तीचा धडा वाचतेय. शाळेला नीट कापलेली प्रत जायची. मूळ रेकॉर्डिंग, चुका-खोकल्यांसकट, दादाच्या पेटीत राहायचं. पुढे ती शाळा बंद पडली, पुस्तकंही बदलली, आणि त्या कापलेल्या प्रती कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी वहिनीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. ती वाचली. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर ती सुती पट्टी बांधते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी दिलं होतं. तिने ते एकदाच लावलं, त्यातून आलेला तो घरघरता आवाज ऐकला आणि यंत्र खोक्यात परत ठेवलं. तेव्हापासून ती एका छोट्या पांढऱ्या फळीवर लिहिते आणि पुसते.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तिने पेटीतला आपला अख्खा फोल्डर पुसून टाकला. फळीवर लिहून दादाला विचारलं, “गेलं सगळं?” आणि आमचा खात्रीसाहेब, ज्याने जन्मात कुणाला खोटा आकडा सांगितला नाही, तो म्हणाला, “हो, पुसलं गेलंय.” त्याच संध्याकाळी त्याने पुसण्याच्या आदल्या दिवशीच्या स्नॅपशॉटवर कुलूप लावलं. हे आम्हा दोघींना आठ महिने कळलं नाही.

त्या आठ महिन्यांत दादा बोलायचा थांबला. तसा तो कधी फार बोलका नव्हता, पण घरी आल्यावर लिफ्टच्या गोष्टी मात्र वहिनीला सांगायचा. कुठल्या दोराचे पदर उसवले, कोण बाई दार उघडं ठेवून गप्पा मारत बसली. आता निवृत्त होऊन दिवसभर घरी, आणि तोंडातून शब्द नाही. मी जेवायला गेले की ताटांचे आवाज तेवढे यायचे. मला वाटायचं, तिला बोलता येत नाही म्हणून हा तिच्यासमोर बोलणं पाप समजतो की काय. एकदा तसं विचारलंही. तो म्हणाला, “बरं दिसत नाही गं.” मी कपाळाला हात लावला.

मग एका रविवारी सकाळी माझा बॅकअप अडकला. पडद्यावर लाल अक्षरांत ‘जागा अपुरी’. दुसऱ्या दिवशी मला दोन शाळांचं काम करायचं होतं, आणि मी तणतणत दादाच्या घरी गेले. वहिनी खिडकीशी भाजी निवडत होती. दादा आंघोळीला गेला होता. मी त्याच्या खुर्चीत बसले, कॉम्प्युटरवर पेटीचं पान उघडलं आणि शोधू लागले की एवढी जागा खाल्ली कुणी. माझे जुने वर्ग पुसले, तरी आकडा जागचा हलेना. तेवढ्यात स्नॅपशॉटची यादी दिसली. एकापुढे कुलूप.

“हे काय?” मी मोठ्याने म्हणाले, कारण मला मनात काही म्हणताच येत नाही. “दादा, एका जुन्या स्नॅपशॉटला कुलूप का लावून ठेवलंयस? दोनशे चाळीस जीबी धरून बसलाय हा! काढून टाकू का?”

आंघोळीच्या खोलीतलं पाणी बंद झालं. मागे वळून बघते तर वहिनी उभी राहिली होती. तिच्या मांडीवरची भाजी खाली पडली होती आणि तिने ती उचलली नव्हती. मी जीभ चावली, पण का चावली ते मला तोवर कळलंच नव्हतं. तिला कळलं होतं. अकरा वर्षं आपल्या फोल्डरपुढे वाढत गेलेला हा आकडा ती बघत आली होती.

दादा ओल्या केसांनी बाहेर आला. वहिनीने फळीवर लिहिलं, आणि इतकं जोर देऊन की पेनाचं टोक किरकिरलं. “गेलं म्हणालात.”

“फोल्डर गेला होता,” दादा म्हणाला. मग स्वतःलाच ते पटलं नाही. “नाही. मी तुला फसवलं.”

“माझा आवाज. मी पुसला. तुम्ही कोण?”

“कुणी नाही,” तो म्हणाला.

मी मध्ये पडणार होते. तोंड उघडलंही होतं. वहिनीने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते मिटलं. मग तिने लिहिलं, “किती वेळा ऐकलंत?”

“एकदाही नाही.”

“खरं?”

“तुला न विचारता कसं ऐकणार? तू रागात पुसलंस. उद्या मागितलंस तर माझ्यापाशी असायला हवं, म्हणून ठेवलं.” टॉवेल त्याच्या हातात तसाच होता. “आणि मलाही हवं होतं. खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, आता लावावं. रोज इथे बसायचो आणि उठायचो.”

मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. आठ महिने हा माणूस त्या पेटीसमोर बसतो नि उठतो, आणि चार पावलांवर बायको भाजी निवडतेय, तिच्याशी मात्र चकार शब्द नाही. पण त्या दिवशी तरी मी माझं म्हणणं गिळलं.

दादाने मला खुर्चीवरून उठवलं. पासवर्ड टाकून कुलपाची खूण स्वतः काढली, कारण लावणाराच तो होता. मग उभा राहिला आणि खुर्ची वहिनीपुढे सरकवली. “आता तुझं तू बघ,” म्हणाला.

वहिनी बसली. ‘स्नॅपशॉट काढून टाका’ या बटणावर तिने बाण नेला. पेटीने विचारलं, हे परत आणता येणार नाही, नक्की का? मग तिने ‘रद्द’ दाबलं, स्नॅपशॉट उघडला, आतला तिचा फोल्डर उघडला आणि मधलीच कुठलीतरी एक फाइल लावली.

“धडा सातवा. नद्यांची कामे,” वहिनीचा आवाज खोलीत आला. भरदार, थोडा घाईतला. दादाने कपाटाला धरलं. दोन-तीन वाक्यं झाली, आणि मग रेकॉर्डिंगमधली वहिनी वैतागून म्हणाली, “अहो, बाहेरचा पंखा बंद करा ना, इथे सगळा आवाज येतोय.” लांबून दादाचा आवाज, “केला गं.” “नाही केला.” “केला म्हणतोय ना.” “मग हे काय ऐकू येतंय, तुमचं डोकं?” आणि दोघांचं हसणं. नंतर पुन्हा, अगदी गंभीर होऊन, “नद्यांची कामे.”

वहिनी ती फाइल शेवटपर्यंत ऐकत बसली. चाळीस मिनिटं. गाळ, मैदानं, त्रिभुज प्रदेश, सगळं. तिचे ओठ मधूनमधून हलत होते. तिचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि मी चेहरे बघून पोट भरणारी बाई आहे. दादा जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून, डोळे मिटून. तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता.

धडा संपल्यावर तिने ती एक फाइल बाहेर काढून नव्या फोल्डरमध्ये ठेवली. त्या फोल्डरला स्वतः पासवर्ड घातला. टाइप करताना दादाकडे पाठ केली. मग पुन्हा त्या बटणावर गेली. पेटीने पुन्हा विचारलं. या खेपेला तिने ‘होय’ दाबलं.

जागा लगेच मोकळी झाली नाही. पेटी आतल्या आत घरघरत राहिली, आणि आकडा हळूहळू खाली येऊ लागला. आम्ही तिघं तो बघत होतो. शेवटी दोनशे चाळीस जीबी मोकळे झाले, आणि माझा अडकलेला बॅकअप, मेला, आपोआप सुरूही झाला. त्या क्षणी मला माझ्या शाळांची लाज वाटली.

वहिनीने फळीच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला, मला दाखवला आणि अंगठ्याने पुसला. तो पासवर्ड होता. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला तिने तो का द्यावा, हे मला अजून उमगलेलं नाही. आजवर मी तो कुणाला सांगितलेला नाही. या घरात मी पोटात ठेवलेली ती एकच गोष्ट.

दादा जमिनीवरूनच म्हणाला, “मला नाही सांगणार?”

वहिनीने फळी पूर्ण पुसली. या वेळी सावकाश लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली.

“माझ्यानंतर. तोवर मी आहे. माझ्याशी बोला.”

त्याने ते वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग उठला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून तिच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि त्यावर बसला, गुडघ्याला गुडघा लावून. आठ महिन्यांनी काय बोलावं हेच त्याला सुचत नव्हतं. शेवटी तो पलीकडच्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल सांगू लागला. तिचं दार म्हणे अर्ध्यावर येऊन थांबतं, रोज जाता-येता त्याला ते दिसतं, रोलर झिजला असणार, पण आपल्याला कोण विचारतो.

मी खाली पडलेली भाजी गोळा केली आणि स्वयंपाकघरात गेले. तो अजून बोलत होता.