खंडेनवमीचं कुंकू आणि पाच व्होल्ट

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग ऐका. मागे हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

मी पदार्थविज्ञानाचा डॉक्टर. आयुष्य कॉलेजात वीज शिकवण्यात गेलं. तरीही गॅस बंद केला का, हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. स्वतःवर विश्वास तो एवढा! निवृत्तीनंतर पनवेलच्या घरात गॅलरीत एक टेबल मांडलं. जुने रेडिओ उघडायचे, छोटी सर्किटं जोडायची, एवढाच छंद. मध्ये एकदा सोल्डरिंगची कांडी चालू राहिली आणि गॅलरीचा पडदा जळाला. तेव्हापासून पुण्यातला माझा मुलगा निखिल टपलेलाच.

"बाबा, आता आणखी एक घोळ झाला की टेबल बंद. कबूल?"

"कबूल," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हा निखिल कॉलेजात माझाच विद्यार्थी होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्याने अँपिअर मोजायचं मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावलं. या चुकीला माझ्याकडे माफी नव्हती. शून्य दिलं! पोटच्या पोराला केटी लागली, परत बसावं लागलं. त्याच्या आईने, सुमनने, कितीतरी दिवस माझ्या ताटात चटणी वाढली नाही.

तर मी एक पॉवर सप्लाय मागवला. प्रोग्रामेबल! वड्यांच्या डब्याएवढा, हातात मावणारा. इतके व्होल्ट दे, इतक्या अँपिअरच्या वर जाऊ नकोस, असं त्याला सांगायचं की तो ते लक्षात ठेवतो. जे मला जमत नाही ते.

आला तो नेमका खंडेनवमीला. आता मी देवाधर्माचा माणूस नाही. पण हत्यारांची पूजा वेगळी! पाटावर नवं यंत्र ठेवलं, शेजारी व्होल्ट, अँपिअर सगळं मोजणारं माझं जुनं मल्टिमीटर. त्याच्या वायरी नैवेद्याच्या वाटीत जात होत्या म्हणून उपटून बाजूला ठेवल्या. ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या, झेंडू वाहिला. सढळ हाताने. कद्रूपणा माझ्या स्वभावात नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणी. यंत्राला सांगितलं, पाच व्होल्ट, फार तर एक अँपिअर. पडद्यावर झळकलं ५.००. वा! मीटरच्या वायरी परत खोचल्या, टोकं यंत्राला लावली.

मीटरवर शून्य. आणि यंत्राच्या पडद्यावरचे पाच व्होल्टही गडप!

टोकं काढली, पाच व्होल्ट हजर. लावली, गायब. असे विद्यार्थी मी खूप पाहिलेत. घरी सगळं येतं, तोंडी परीक्षेला बसवलं की घशाला कोरड! शिवाय यंत्र म्हणत होतं, एक अँपिअर वाहतोय. कुठे वाहतोय? व्होल्ट मोजणारं मीटर वीज पीतच नाही, हे मी पिढ्यान् पिढ्या शिकवलंय! म्हणजे यंत्र खोटारडं.

पण समजा, यंत्र बरोबर असेल तर? तर मी चूक, आणि टेबल गेलं.

चूक? मी? विकणाऱ्याला खरमरीत पत्र धाडलं. त्या बिचाऱ्याने मुकाट्याने दुसरं यंत्र पाठवलं. त्यालाही तोच रोग! निखिलला फोन लावला.

"अख्खा माल खराब आहे."

"बाबा, दोन्ही खराब? की..."

"की काय? बोल! म्हातारा खराब?"

"मी कुठे तसं म्हणालो?"

"म्हणूच नकोस!"

मग मी शास्त्रशुद्ध वाटेने जायचं ठरवलं. चांगला म्हणून माहीत असलेला सेल तपासायचा. रिमोटचा काढला. शून्य! टॉर्चचा काढला. शून्य! हातात गरम लागत होता, पण मरताना ताप येतोच. भिंतीवरच्या घड्याळाचा काढला. शून्य!

"अहो, आत्ता तर चालू होतं की घड्याळ!" सुमन म्हणाली.

"चालू होतं. पण त्यात वीज नव्हती."

"मग कशावर चालू होतं?"

"सवयीवर!"

सेल परत घातला, आणि थोड्या वेळात घड्याळ खरंच बंद पडलं. "बघ!" मी म्हणालो. सुमनने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचे प्रयोग बाहेर करायचं ठरवलं.

खाली आमचे सलीमभाई स्कूटर पुसत होते. कापडाचं दुकान मुलांवर सोडून आता निवांत असतात.

"सलीमभाई, तुमच्या स्कूटरची बॅटरी मेलीय."

"तौबा, सर! आत्ता कळंबोलीहून आलो तिच्यावर."

"सवयीवर आलात. उघडा."

बिचाऱ्यांनी उघडली. मी टोकं लावली.

चर्रर्र! ही ठिणगी! मीटर हातातून सुटून फरशीवर आपटलं.

"सर, मेलेली बॅटरी असं चावते?" सलीमभाई भिंतीला टेकून म्हणाले.

मी मीटरकडे बघत होतो. वाळलेल्या हळदकुंकवाचा आणि अक्षतांचा खपला पडला होता, आणि लाल वायर ज्या भोकात खोचली होती त्याच्यावरची अक्षरं उघडी पडली होती. अँपिअर! व्होल्टचं भोक शेजारी, कुंकवाखालीच. अँपिअरच्या भोकात वायर घातली की मीटर म्हणजे नुसती सरळ तार. मी आठवडाभर एकेका यंत्राला, एकेका सेलला शॉर्ट करत होतो. यंत्रं बिचारी स्वतःचा जीव वाचवत होती. सेलांना ते जमलं नाही.

ती अक्षरं माझ्याशिवाय कोणी पाहिली नव्हती. खपला बोटाने परत चिकटवता आला असता. खरं सांगतो, उचललाही होता.

पण आयुष्यभर पोरांना शून्यं वाटत आलेला माणूस मी. स्वतःचा पेपर दडपू? तिथूनच फोन लावला, ताठ मानेने.

"निखिल, चूक माझी आहे. मीटर चुकीचं लावलं. पण टेबल हलणार नाही, सांगून ठेवतो! नापास झाला म्हणून पोराचा बाक उचलून नेतात का? तुझा नेला होता मी?"

मला वाटलं, आता रागावणार.

"बाबा, म्हणजे अँपिअरचं मीटर थेट दोन टोकांना लावलंत?"

"...हो."

"आणि मीटर काय दाखवत होतं?"

"शून्य."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"मग मी आणखी काय बोलणार? मार्क तर त्यानेच दिलेत." आता त्याला हसू आवरेना. "केटी लागलीय, बाबा. टेबलाशी परत बसा."

तर मंडळी, नावाआधी डॉक्टर आणि म्हातारपणी केटी! परत बसलो, पाच व्होल्ट मोजले, पास झालो. टेबल गॅलरीतच आहे. आणि पुढच्या खंडेनवमीला मीटरला कुंकू लावणार म्हणजे लावणारच, कोण अडवतो बघू.

फक्त पाठीवर लावीन.