राजोडीतली एक सही

शेजारची सानिका लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजचं मोफत कायदा शिबिर शनिवारी राजोडीत होतं. "काका, चला ना, नंतर समुद्र बघू," म्हणाली. आठवडाभराच्या कामाने अंग मोडून आलं होतं, तरी गेलो.

वसईच्या एव्हरशाईन सिटीतून सकाळी आठला निघालो आणि विरारहून बोळिंजमार्गे रिक्षा केली. इमारती संपल्या की केळीच्या वाड्या लागतात, खड्डे मात्र संपत नाहीत. दोनशे रुपये झाले. परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा. नाहीतर उन्हात ताटकळायची वेळ येते.

समाजमंदिरात एकच पंखा. अकरापर्यंत कोणी फिरकलं नाही, मग रेशनकार्डं आणि घरपट्टीच्या पावत्या घेऊन रांग लागली. विद्यार्थी लिहून घेत, त्यांच्या वकीलबाई तपासत. खाणावळीतले बोंबील चांगले होते, पण आम्ही पोचेपर्यंत गार झालेले.

जेवणानंतर रजनीमावशी आल्या. नवरा गेल्यापासून त्या माहेरच्या घरात, मागच्या खोलीत राहतात. त्यांनी एक कागद सानिकापुढे ठेवला.

"सोमवारी सही करायचीय. पान्याच्या मोटरीचा कागद हाय, भाऊ बोलला."

सानिकाने वाचला. "मावशी, हे हक्कसोडपत्र आहे! सही केलीत तर घरातला, वाडीतला तुमचा हिस्सा गेला. ती खोलीसुद्धा. अजिबात करू नका."

"काय होईल तेवढं सांग," वकीलबाई म्हणाल्या. "करायची की नाही, ते त्या ठरवतील."

"नाय केली तर गनपतीला मला पुढच्या घरात कोन बोलावनार?" मावशींनी विचारलं. "तुज्या पुस्तकात हाय का ते?"

बायकांना सरकारकडून वकील फुकट मिळतो, हे सांगून वकीलबाईंनी त्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला. मावशींनी चिठ्ठी कमरेला खोचली, चष्मा काढून पिशवीत टाकला आणि बाहेर पडल्या. दारात भाचा मोटरसायकलवर बसून होता.

"वाचला ना कागद, आत्या? सोमवारी नऊला निघू."

"कुटचं वाचतंय! चष्म्याचा नंबर वाढलाय. आधी डोळं दाखवू दे, मग कागद."

"मोटरीच्या कागदाला डोळं कशाला?"

"माजी सही हाय ना? मग डोळं पन माजंच लागनार."

समुद्र राहूनच गेला. घरी पोचलो तेव्हा पाय भरून आले होते. संध्याकाळी सानिका शिबिराचा अहवाल घेऊन आली. निकालाच्या रकान्यात काय लिहू, विचारत होती. सोमवारनंतर काय होईल, ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

"सोमवारी सही नाही," मी म्हटलं. "एवढंच लिही."