ज्या जागेकडे मी पाहत नव्हतो

शस्त्रक्रियेनंतर आठ महिने मी विहारात गेलो नाही. विहार माझ्या घरापासून पन्नास पावलांवर आहे. लाखनीजवळच्या आमच्या गावात मी आयुष्यभर शाळेत शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे दर पौर्णिमेला वंदना सांगितली. मी पुढे म्हणायचो, लोक मागून म्हणायचे. मग गुदाशयात कर्करोग निघाला. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. खालचा मार्ग कायमचा बंद करून पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचे तोंड बाहेर काढले आणि त्यावर पिशवी लावली. डॉक्टर त्याला कोलोस्टोमी म्हणाले. आता मल तिथूनच येणार, मरेपर्यंत. त्याला ना वेळ, ना त्यावर आपला ताबा. वाराही तिथूनच सुटतो आणि त्याचा आवाज होतो. विहारात सगळे डोळे मिटून शांत बसलेले असताना माझ्या पोटातून तो आवाज आला तर काय, या एका विचाराने मी घरात बसलो. लोकांना सांगितले, अशक्तपणा आहे.

खरे सांगायचे तर लाजेखाली आणखी काही होते. एका पावसाळ्यात वर्षावासासाठी आमच्याकडे राहिलेल्या भंतेजींनी शरीराचे चिंतन शिकवले होते. केस, नखे, त्वचा इथपासून थेट विष्ठेपर्यंत एकेक भाग मनात आणायचा आणि त्याकडे किळस न करता, लोभ न धरता पाहायचे. मी ते पुढे कितीतरी लोकांना समजावून सांगितले. आणि आता स्वतःच्याच पोटाकडे पाहणे मला जमत नव्हते. मग इतकी वर्षे मी नेमके काय म्हणत होतो? बैठकीत माझी पत्नी शालिनी संध्याकाळी बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, तेव्हा मी आतल्या खाटेवरून ते बघायचो आणि वाटायचे, हे सगळे धडधाकट माणसांसाठी आहे. माझ्यासाठी यात काही नाही.

पिशवीचे सगळे शालिनी करायची. रुग्णालयातल्या सिस्टरने तिला शिकवले होते. मलाही शिकवायला सिस्टर आल्या होत्या, पण मी डोक्यावरून पांघरायचा दुपट्टा ओढून घेतला होता. घरीही तेच. तीन-चार दिवसांनी, सकाळी चहाच्या आधी, ती कोमट पाण्याचे भांडे आणि जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे घेऊन यायची. मी खाटेवर पडून खिडकीकडे तोंड करायचो.

"पाहा न जी एकडाव," ती म्हणायची. "भेव वाटण्यासारखं काही नाई."

"तू आटप लवकर," मी म्हणायचो.

ती आटपायची. त्या आठ महिन्यांत तिने एकदाही नाक मुरडले नाही, आणि मी एकदाही तिला विचारले नाही की तुला कसे वाटते. पिशव्या आणायला ती महिन्यातून दोन मंगळवारी एसटीने भंडाऱ्याच्या रुग्णालयात जायची. सकाळी गेलेली बाई दिवस कलताना परत यायची. एवढा वेळ काय करतेस म्हणून मी चिडायचो. "गर्दी राहते," एवढेच ती सांगायची.

एका रविवारी सकाळी ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. छातीत दाटल्यासारखे होते म्हणाली आणि पायरीवर बसली. शेजाऱ्यांनी ऑटो आणला. लाखनीला पोहोचायच्या आत ती गेली. मी सोबत नव्हतो. ऑटोत पिशवी फुटेल या भीतीने मी मागे राहिलो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, इथे लिहितो आहे.

आमची मुलगी प्रज्ञा गोंदियाहून आली. अंत्यविधी झाला. माझ्या पोटावरची पिशवी शालिनीने शनिवारी बदलली होती. मंगळवारी ती एका कडेने सुटली. फळीवरचा पिशव्यांचा डबा उघडून पाहिला, तर रिकामा. नव्या पिशव्या आणायला ती त्याच मंगळवारी भंडाऱ्याला जाणार होती. मला पिशवी लावता येत नव्हती आणि लावायला पिशवीही नव्हती. मी टॉवेल गुंडाळला, त्यावर प्लास्टिक बांधले आणि खोलीची कडी आतून लावून घेतली. जेवलोच नाही तर काही बाहेर येणार नाही, असा हिशेब करून खाणे बंद केले. पाणीही घोटभरच. तरी येत राहिले. भोवतालची कातडी मिरची लावल्यासारखी जळू लागली.

"बाबा, वास येऊन राहिला," प्रज्ञा दाराबाहेरून म्हणाली. "मले दाखवा न. मी करतो."

"काही नाई झालं. तू जा."

"आईले करू देत होते न? मंग मले काहून नाई?"

तिच्या जन्मापासून मी तिचा बाप होतो, शिक्षक होतो. तिने मला असे पाहावे, त्यापेक्षा मरण बरे, असे मला खरोखरच वाटत होते. त्या दिवशी मी कुणाचाही धावा केला नाही. मूर्तीची आठवण आली नाही, धम्माची आली नाही. शालिनीच्या मागोमाग आपणही लवकर जावे, एवढेच मनात होते आणि त्याचे वाईटही वाटत नव्हते.

बुधवारी सकाळी दहा-साडेदहाला बाहेर एका अनोळखी बाईचा आवाज आला. "ताई कुठं हाय?" ओसरीवर भेटायला आलेली माणसे बसली होती. कुणीतरी तिला हळू आवाजात सांगितले. मग एकदम रडणे ऐकू आले. आमच्या नात्यातले कुणी इतके मोकळे रडले नव्हते. मला कळेना, ही कोण. रडणे थांबले आणि तीच बाई सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मंग गुरुजीची पिशवी कोण बदलवून राहिलं?"

आठ महिने घरात जो शब्द कुजबुजतच बोलला गेला होता, तो भर ओसरीवर पडला. थोड्या वेळाने माझे दार वाजले.

"गुरुजी, मी देवका. बपेऱ्याकडची. दार उघडा जी. मी परकी आहे, माह्यासमोर लाज नोका धरू."

मी का उठलो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अंगात त्राण नव्हते. पण उठलो आणि कडी काढली.

पन्नाशीची, उन्हाने रापलेली, शेतात राबणारी बाई होती. हातात कापडी पिशवी आणि त्यात पुठ्ठ्याचा डबा. मागे प्रज्ञा उभी होती. देवकाबाईंनी नाकाला पदर लावला नाही. डबा खाटेवर उघडला. आत पिशव्या होत्या, त्या पोटावर चिकटवायच्या चकत्या होत्या, पावडरची बाटली होती. मी डब्याकडे बघतच राहिलो.

"माह्या मालकाच्या आहेत," त्या म्हणाल्या. "मालक गेले महिना झाला. या उरल्या. ताई मंगळवारी येते म्हणून काल भंडाऱ्याले आली. दिवसभर बाकावर बसली, ताई आलीच नाई. सिस्टर म्हणे, डबा ठेवून जा, आली की देईन. पण मन नाई झालं जी. काहून नाई झालं, मले नाई माहीत. नणंदेकडं मुक्काम केला आन् पत्ता विचारत आली."

मग त्यांनी मला सगळे सांगितले. त्यांच्या नवऱ्यालाही माझ्यासारखीच पिशवी होती. पहिल्यांदा रुग्णालयात आल्या तेव्हा सिस्टरने दाखवलेले त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते आणि परत विचारायची लाज वाटत होती. शेजारी बाकावर शालिनी बसली होती. ती त्यांना एका बाजूला घेऊन गेली आणि पुन्हा सगळे शिकवले. पुढच्या खेपेला आणखी एका बाईला. तिथे सिस्टर एकट्या, रुग्ण बरेच. नवीन कुणी घाबरलेले आले की त्या म्हणत, "त्या लाखनीच्या बाईंजवळ बसा, त्या समजावून सांगतील." दिवस कलेपर्यंत माझी बायको तिथे हे करत होती. आणि मी घरी चिडत होतो.

"ताई नसती, तं मी मालकाले घाणीत मरू दिलं असतं," देवकाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी पाणी प्यायले कोणी येत नव्हतं जी. वास येते म्हणत. सहा महिने मी आन् ते, दोघंच. पण शेवटपर्यंत चमडी चांगली होती त्यांची. चांगल्या अंगानं गेले."

प्रज्ञाने कोमट पाणी आणले. मी सवयीने आडवा झालो आणि तोंड फिरवले. देवकाबाई हात बांधून उभ्याच राहिल्या.

"नाई जी. मी नाई लावत."

"मग?"

"हात तुमचे चालते न? मी लावून गेली, तं परवा कोण लावंल? उठून बसा. खाली पाहा."

मी पाहत नव्हतो. त्या हळू म्हणाल्या, "ताई एक डाव मले म्हणे, आमचे गुरुजी त्याच्याकडं पाहत नाईत. मी म्हटलं, वाईट नाई वाटत? तं म्हणे, पाहतीन एक दिवस. माह्या डोळ्यासमोर पाहिलं पाहिजे, बस. तेवढं म्हणून रडली."

मग मी पाहिले.

जखमेसारखे काही भयंकर असेल असे मला आठ महिने वाटत होते. ते छोटेसे, ओलसर, लाल होते. भोवतालची कातडी मात्र माझ्या हट्टाने सोलून निघाली होती. देवकाबाई सांगत गेल्या आणि मी करत गेलो. त्यांचे शब्द शालिनीचे होते, हे मला लगेच कळले, कारण मध्येमध्ये त्या म्हणत, "ताई म्हणे." ताई म्हणे, गालाच्या आतून असते तसंच लाल राहते, ते तोंड आहे, त्याले दुखत नाई. ताई म्हणे, पुसताना थोडं रक्त दिसलं तं भिऊ नोका, दात घासताना येते तसंच ते. ताई म्हणे, घासायचं नाई, टिपायचं. सोललेल्या जागेवर पावडर टाकून जास्तीची झटकायची. कागदावर तोंडाचे माप घ्यायचे, चकतीचे भोक त्याहून धाग्याएवढेच मोठे कापायचे. चिकटवल्यावर तळवा ठेवून थोडा वेळ धरायचे, हाताच्या उबेने ती बसते. पिशवी अर्धी भरायच्या आधी रिकामी करायची, जड झाली की ओढते आणि सुटते.

माझा हात पोटावर होता. प्रज्ञा खाली बसून सगळे पाहत होती. आम्ही तिघेही रडत होतो, पण हात थांबला नाही.

त्यानंतर मी भात आणि वरण खाल्ले. देवकाबाई निघताना बैठकीत मूर्तीसमोर थांबल्या. "आमच्याकडं नारळ फोडते. यांले काय चढवते जी?" त्यांनी विचारले. फूल असले तरी पुरते, मी म्हणालो. अंगणातल्या मोगऱ्याची दोन फुले त्यांनी तोडून आणली, एक मूर्तीपुढे ठेवले आणि एक शालिनीच्या फोटोपुढे. हायवेपर्यंत प्रज्ञा त्यांच्यासोबत गेली. ट्रकांच्या गर्दीत हात दाखवल्यावर एसटी थांबेपर्यंत तिने त्यांचा हात सोडला नाही, असे तिने मला नंतर सांगितले.

शालिनीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना मी सांगितली. मध्येच, सगळे शांत असताना, पोटातून आवाज झाला. दोन-तीन माणसांनी मान वर केली. कान तापले, पण मी पुढची ओळ म्हटली आणि लोकांनी ती मागून म्हटली.

आम्ही चमत्कार मानत नाही आणि यालाही मी चमत्कार म्हणत नाही. एक दुःखी बाई एक डबा घेऊन दुसऱ्या दुःखी घरात आली. ती दोन दिवस आधी आली असती तर माझा डबा रिकामा आहे हे मलाही ठाऊक नसते, आणि एक दिवस उशिरा आली असती तर मी दार उघडण्याच्या स्थितीत राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही. त्याचा अर्थ लावण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

गेल्या महिन्यात तपासणीत यकृतावर डाग दिसला. डॉक्टरांनी फार काही सांगितले नाही, मीही फार विचारले नाही. पूर्वीचा मी असतो, तर कागद घडी करून पेटीत ठेवला असता. पण त्याच संध्याकाळी मी प्रज्ञाला फोन केला आणि जसे होते तसे सांगितले. तिने विचारले, "बाबा, भेव वाटून राहिला का?"

"हो," मी म्हणालो. "लय."

"मी येतो," ती म्हणाली.

शरण जाणे म्हणजे हात जोडून मोठ्याने म्हणणे, असे मी जन्मभर समजत होतो. ते तसेही असेल. पण आपल्याला कुणाची तरी गरज आहे हे कबूल करून दाराची कडी काढणे, हेही शरण जाणेच आहे, हे मला उशिरा कळले. जिने हे मला शिकवले, त्या शालिनीचे आभार मानायला मी तिच्या हयातीत तिच्याकडे तोंड वळवले नाही. म्हणून ते इथे मानतो. तिचे, आणि मन न झाल्यामुळे डबा ठेवून न गेलेल्या त्या बाईचे. प्रज्ञा उद्या सकाळच्या गाडीने येते आहे.