झिरी म्हणजेच पांढरी

‘सदर नदी आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही. फाइल करावे.’ ईमेलच्या प्रिंटवरचा हा शेरा वाचून माझं डोकंच फिरलं. ईमेल मध्य प्रदेशातल्या धरणाच्या ऑफिसचा होता. गेट दुरुस्तीसाठी सकाळी आठला झिरी नदीत पाणी सोडणार. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

मी तेव्हा धुळे जिल्ह्यात पाटबंधारे खात्यात सेक्शनल इंजिनिअर होतो. ही नदी सातपुड्यात झऱ्यातून निघते, म्हणून वरचे लोक तिला झिरी म्हणतात. हद्द ओलांडली की पात्रात पांढरी वाळू लागते, म्हणून आमच्याकडे ती पांढरी. पाणी तेच. पण आमच्या रजिस्टरात नद्या नावाने लावलेल्या. झिरी नाव नाही, म्हणजे नदीच नाही!

“यादीत नाही तर मी काय करू, साहेब?” कारकून म्हणाला.

“नकाशा बघायचा!”

“तो ड्रॉइंग ब्रँचकडे असतो.”

मे महिना होता. कोरड्या पात्रात शकूरभाऊंची टरबुजाची वाडी होती. तिथेच झोपडीत ते, त्यांची बायको आणि दोन नातवंडं राहायची. त्यांचा फोन लागेना. परवानगी गेली खड्ड्यात म्हणत मी जीप काढली.

“भाऊ, पोरं उचला! पाणी येतंय!” मी काठावरूनच ओरडलो.

“कसानं पानी, साहेब? आभाय तं कोरडं शे!” ते हसले. तेवढ्यात वरच्या वळणावरून घोंघावत आवाज आला.

माणसं वाचली. तोडणीला आलेली टरबुजं डोळ्यांदेखत वाहून गेली. शकूरभाऊंची बायको काठावर बसून मोठ्याने रडत होती. मला तिच्याकडे बघवेना.

आठवड्याने नोटीस आली. मला! विनापरवानगी मुख्यालय सोडल्याबद्दल. कारकुनाने नियमाप्रमाणे शेरा मारला होता, त्याला काही नाही.

रजिस्टरात दोन्ही नावं लिहा, असं मी बॉसना सांगितलं.

“नाव बदलायचा अधिकार आपल्याला नाही,” ते म्हणाले.

“बदलायचं नाही सर, शेजारी लिहायचंय.”

“तोही नाही.”

मी लाल शाईने स्वतःच लिहिलं. त्यावर दुसरी नोटीस आली, खाडाखोडीची.

पंचनाम्याची चौकशी करायला शकूरभाऊ ऑफिसात आले, तेव्हा मी त्यांना हा सगळा घोळ सांगितला. “साहेब, नदी तं एकच शे,” ते म्हणाले.

रजिस्टरात नाही म्हणून नदी थांबत नाही, हे शिकवायला एका माणसाची वाडी गेली. खातं शिकलं का? त्या लाल ओळीवर नंतर कुणीतरी व्हाइटनर फिरवला.